चामड्याच्या वादीत मावलेला मुलूख : जव्हार-मोखाड्याचा इतिहास दाखवायचा कसा?

#इतिहास_धागा

१.
जव्हारला येणाऱ्या पाहुण्याची फेरी बहुधा ठरलेली असते. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, वाटेत शिरपामाळ आणि दिवस मावळताना हनुमान पॉइंट. गाडी परतीच्या रस्त्याला लागते तेव्हा पाहुण्याच्या मनात एक सुटसुटीत समज तयार झालेला असतो : येथे एक राजा होता, शिवराय येथे येऊन गेले, आणि येथील आदिवासी भिंतीवर सुंदर चित्रे काढतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण तिन्ही अर्ध्याच सांगितल्या जातात. उरलेल्या अर्ध्या भागासाठी हा धागा.

२.
प्रथम भूगोल. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर जव्हार वसले आहे. पूर्वेला मोखाडा, त्यापलीकडे घाट चढून त्र्यंबक आणि नाशिक. किनाऱ्यावरील बंदरांतून देशावर जाणाऱ्या जुन्या वाटा याच डोंगरांतून चढत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या आठ तालुक्यांत हे दोन्ही तालुके आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे.

३.
जव्हार संस्थानच्या स्थापनेची कथा १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. थळ घाटाजवळच्या मुकणे येथे जयबा नावाच्या महादेव कोळी नायकाची लहानशी गढी होती. एका देवस्थानी पाच गोसाव्यांनी त्याला राजा होशील असा आशीर्वाद दिला. त्याने माणसे जमवली, पेठ-धरमपूरपासून काठेवाडापर्यंत मुशाफिरी केली आणि परतल्यावर जव्हारच्या नायकाकडे मागणी केली : बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. नायकाने हसत होकार दिला. जयबाने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने नायकाच्या राहत्या जागेसकट सारा परिसर वेढून घेतला. हा काळ चौदाव्या शतकाचा आरंभ मानतात.

४.
ही कथा ऐकताच प्राचीन इतिहासाच्या वाचकाला कार्थेज आठवेल. फिनिशियाहून पळालेली राणी डिडो उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, तिनेही बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, आणि तिनेही कातड्याच्या वाद्या करून अख्खी टेकडी घेतली. त्या टेकडीचे नाव बिर्सा; ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच कातडे असा होतो. आशिया-युरोपातील अनेक प्रदेशांत हीच कथा वेगवेगळ्या नायकांच्या नावे सांगितली जाते. लोककथांचे अभ्यासक तिला एक प्रवासी कथाबीज समजतात.

५.
म्हणून कथा खोटी ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. पण तसे केल्याने तिच्यातील महत्त्वाची गोष्ट हातची जाते. मुलूख मिळाला तो रणांगणावर नव्हे, युक्तीने, असे ही कथा सांगते. आणि युक्ती करायची तर समोर फसणारा कोणी तरी असावा लागतो. जव्हारच्या परंपरेत तो वारली नायक आहे. जयबाने त्याला पुढे गंभीरगडाच्या बाजूचा प्रदेश तोडून दिला, अशी जोडही कथेला आहे. म्हणजे राजघराण्याची स्थापनाकथाच कबूल करते की आमच्याआधी येथे दुसऱ्यांची सत्ता होती. पाहुण्याला ही कथा चातुर्याची गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यात हरलेल्या माणसाचे वंशज आजही याच तालुक्यांत शेती करतात, हे सांगायचे राहून जाते.

६.
जयबानंतर धुळबाराव गादीवर आला. दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे मुहम्मद तुघलकाने, त्याला निमशहा हा किताब दिला, असे परंपरा सांगते. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचे उत्पन्न असा त्याच्या राज्याचा विस्तार सांगितला जातो. किताबाची तारीख ५ जून १३४३. या दिवसापासून जव्हारने स्वतंत्र शक सुरू केला आणि शतकानुशतके राज्याच्या कागदांवर तो घातला. विक्रमशहा, पतंगशहा, कृष्णशहा ही मुकणे राजांची नावे आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकतात. त्यांतील ‘शहा’ हा त्या किताबाचा वारसा आहे.

७.
आता शिरपामाळ. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना, १६६३ चे वर्ष सरत असताना, शिवाजी महाराज जव्हारच्या मुलखातून गेले. राजा विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले आणि महाराजांनी त्याला मानाचा शिरपेच दिला, म्हणून ती जागा शिरपामाळ, अशी स्थानिक आख्यायिका आहे. जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात मराठी फौज सुरतेच्या वेशीवर उभी होती. नाशिक-त्र्यंबकच्या बाजूने सुरतेकडे अनपेक्षितपणे उतरायचे तर जव्हार आणि त्याच्या उत्तरेचे रामनगर ही दोन कोळी राज्ये ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. या भेटीचे मोल त्या भूगोलात आहे.

८.
शिरपामाळावरील स्मारक या भेटीपाशी थांबते. इतिहास तेथे थांबला नाही. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जव्हारवर आले. विक्रमशहाचा पाडाव झाला, तो मोगलांच्या आश्रयाला निघून गेला आणि सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागल्याची नोंद आहे. लगोलग रामनगरचीही तीच गत झाली. ज्या राजाच्या शिरावर आठ वर्षांपूर्वी शिरपेच चढला, त्याच राजाला राज्य सोडून जावे लागले.

९.
यात विश्वासघात शोधण्याचे कारण नाही आणि प्रसंग झाकून ठेवण्याचेही नाही. १६७० मध्ये सुरतेची दुसरी स्वारी झाली. त्यानंतर कल्याण ते सुरत हा सलग मार्ग आपल्या ताब्यात असणे मराठ्यांना आवश्यक वाटू लागले. जव्हार-रामनगर हाती येताच मोरोपंतांनी सुरतेकडे चौथाईची मागणी पाठवली. चौथाईची कल्पनाही याच पट्ट्यात आधीपासून रुजलेली होती : दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या राजाला आपल्या गावांच्या संरक्षणासाठी चौथ देत असत आणि त्याला ‘चौथिया राजा’ म्हणत. छोट्या डोंगरी राज्यांशी मैत्री किंवा वैर ठरत होते ते घाटवाटांच्या गरजेने. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की शिरपामाळावर उभा असलेला विद्यार्थी राजकारण शिकतो. एकच ठेवला तर तो फक्त नमस्कार करून परततो.

१०.
पुढे जव्हार पुन्हा उभे राहिले, पण आकसलेले. पेशवाईत त्याचे सुपीक भाग एकेक करून गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस वार्षिक उत्पन्न पंधरा ते वीस हजार रुपयांपर्यंत उतरले होते. इंग्रजी अमलात ते ३१० चौरस मैलांचे एक लहान संस्थान राहिले. १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४७,५३८ होती. बावीस किल्ल्यांची आठवण सांगणारे राज्य आता ठाणे जिल्ह्याने वेढलेले एक बेट होते.

११.
तरीही या बेटाचे वेगळेपण नजरेआड करता येत नाही. महाराष्ट्रात आदिवासी राजघराणे असलेली संस्थाने विरळाच, आणि जव्हार त्यांतील प्रमुख. १९१८ मध्येच येथे नगरपालिका स्थापन झाली. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे, म्हणजे पाचवे पतंगशहा, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० च्या दशकात ते लोकसभेवर निवडून गेले. गुलाबी छटेच्या दगडातला जयविलास राजवाडा याच घराण्याचा. त्याची रचना युरोपीय धाटणीची आहे. खांब, कमानी, घुमट पाहणाऱ्याला मुकणे गावच्या मातीच्या गढीची आठवण होण्याचे कारण नाही. तरी त्या गढीपासून या घुमटापर्यंतचा सहाशे वर्षांचा प्रवास हीच राजवाड्याची खरी कथा आहे.

१२.
आता मोखाडा. फेरीतल्या पाहुण्याला जव्हार-मोखाडा हा एकच जोडशब्द वाटतो. इंग्रजी अमलात मात्र या दोहोंमध्ये सरहद्द होती. जव्हार संस्थानी मुलूख. मोखाडा हा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पेटा, म्हणजे थेट इंग्रजांचा. ओढ्याच्या अलीकडचा वारली राजाची रयत आणि पलीकडचा त्याचाच सोयरा सरकारची. सोयरीक, देव, बाजार सामायिक. जमिनीचा आणि जंगलाचा कायदा वेगळा. मोखाड्यात राजवाडा नाही, म्हणून तेथे दाखवण्यासारखे काही नाही, हा समज या सरहद्दीतून आलेला आहे.

१३.
मोखाड्याचा इतिहास जंगलाच्या कागदांत आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांच्या रेषा आखल्या गेल्या आणि ठाणे जिल्ह्यातील रयतेच्या रोजच्या जगण्यातील कित्येक गोष्टी एका फटक्यात गुन्हे झाल्या. त्यांत सर्वांत कळीची गोष्ट होती राब. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा आणि शेणासह रोपांच्या वाफ्यावर पसरायच्या आणि पेटवायच्या. भाजलेल्या त्या जमिनीत नागली, वरई, भात यांचे बी टाकायचे. डोंगरउतारावरची शेती राबावाचून होत नसे, आणि फांदी तोडल्यावाचून राब होत नसे.

१४.
तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राब शेतीला खरोखर आवश्यक आहे काय, हा त्या चौकशीतील एक मोठा वाद होता. ज्या प्रश्नाचे उत्तर मोखाड्यातील कोणत्याही म्हातारीने एका वाक्यात दिले असते, त्यासाठी साहेबांना साक्षी आणि अहवाल लागले. एखाद्या प्रदर्शनात राबाच्या वाफ्याचे एक चित्र आणि त्याशेजारी १८७८ च्या कायद्याचे एक पान ठेवले, तरी दीडशे वर्षांचा संघर्ष समोर उभा राहील.

१५.
याच दुखण्याची दुसरी बाजू सावकार-जमीनदारांची. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांना वेठीने राबवले जाई. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पतिपत्नी जन्मभर ‘लग्नगडी’ म्हणून बांधली जात. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला परिचित आहे. तलवाडा जव्हारपासून फार दूर नाही; फेरीच्या यादीत मात्र ते नाव क्वचितच दिसते.

१६.
भिंतीवरील चित्रांकडे येऊ. वारली लग्नात कारवीच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरवून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहिला जातो. ‘काढला’ नव्हे, ‘लिहिला’ हाच शब्द वापरतात. चौकात पालघट देवी असते, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. धवलेरी गाणी म्हणते, देवांना आवाहन करते, तेव्हा चौक पुरा होतो. लग्न झाले की चित्राचे काम झाले. पुढच्या सारवणात ते पुसले गेले तरी कोणी हळहळत नाही.

१७.
१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त डहाणू भागात आले. त्यांनी भिंतीवरचे चित्र कागदावर आणण्यास प्रोत्साहन दिले. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत भरले, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसमधील ‘मॅजिशियन्स दे ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या प्रवासाने वारली समाजाला जगभर ओळख आणि अनेक घरांना उत्पन्न दिले, हे निर्विवाद आहे.

१८.
मात्र चित्राची जागा बदलली तशी त्याची माणसेही बदलली. भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कोणी नोंदली नव्हती. कागदावर सही आली ती बहुतांशी पुरुषांची. लग्नाबरोबर संपणारे चित्र आता चौकटीत कायमचे राहिले, आणि त्याबरोबर म्हटली जाणारी गाणी भिंतीपाशीच उरली. प्रदर्शन म्हणजे वस्तू उचलून दुसरीकडे ठेवणे. प्रत्येक उचलण्यात काही तरी मागे राहते. ते काय, हे पाटीवर लिहिणे प्रदर्शनकर्त्याचे कर्तव्य आहे.

१९.
हाच प्रश्न मोठ्या संग्रहालयांबाबतही पडतो. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. राज्यभरातील आदिवासी समाजांची वाद्ये, मुखवटे, दागिने, अवजारे तेथे जतन झाली आहेत आणि हे काम मोलाचे आहे. पण मोखाड्यातील शाळकरी मुलाला आपल्याच आजोबांच्या घरातील वस्तू पाहायला घाट ओलांडून पुण्याला जावे लागणे, ही त्या जतनाची किंमत आहे.

२०.
मोखाड्यात इमारतीविना चालणारे एक प्रदर्शन मात्र पिढ्यानपिढ्या भरते. त्याचे नाव बोहाडा. होळीनंतरच्या दिवसांत, कामे आटोपलेली असताना, जव्हार-मोखाड्याच्या गावांत जगदंबेचा हा उत्सव होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर एकामागून एक सोंगे निघतात : गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, भीम. प्रत्येकाचा मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा, काही इतके जड की नाचणाऱ्याला दोन माणसांनी सावरावे लागते. शेवटच्या रात्रीनंतर, उजाडताना, देवी महिषासुराला मारते आणि बोहाडा संपतो.

२१.
बोहाड्याची व्यवस्था संग्रहशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. बहुतेक सोंगे विशिष्ट घराण्यांकडे परंपरेने चालत येतात. मुखवटा जपणे, रंगवणे, त्या सोंगाची पावले पुढच्या पिढीला शिकवणे ही त्या घराची जबाबदारी. म्हणजे संग्रह गावभर वाटलेला, राखणदार घरोघर, आणि प्रदर्शन वर्षातून एकदा. काचेच्या कपाटात मुखवटा टिकतो. बोहाड्यात मुखवट्याबरोबर चाल, ताल आणि मानपानही टिकतो. मुंबई-ठाण्याला वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेला तरुण त्या रात्री गावी परतला नाही, तर त्याच्या घराचे सोंग अडते. येथे जतनाचा प्रश्न हा स्थलांतराचा प्रश्न आहे.

२२.
वाद्यांचेही तसेच. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मेण यांतून तारपा तयार होतो. नवे पीक आल्यानंतर त्याच्या सुरावर वर्तुळात नाच होतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्यभर तारपा वाजवला आणि त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तारप्याचा सूर संग्रहालयात ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो. पण कोणता भोपळा निवडायचा, मेण किती तापवायचे, दम कसा तोडू द्यायचा नाही, हे कारागिराच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.

२३.
आता फेरीत कधीच न दाखवला जाणारा इतिहास : पाणी. मुंबईची तहान भागवणारी वैतरणा याच डोंगरातून वाहते. अभियंता मोडक यांच्या नावाचा मोडकसागर १९५७ मध्ये, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये आणि मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले. एकट्या मध्य वैतरणेमुळे मुंबईला दररोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी अधिक मिळू लागले. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, आणि तरीही उन्हाळ्यात तेथील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या इतिहासाचे कोणतेही प्रदर्शन मोखाड्यावाचून अपुरे आहे, असे म्हणण्यास एवढी दोन वाक्ये पुरेशी आहेत.

२४.
आणि भूक. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि राज्यभर खळबळ माजली. त्यानंतरच्या काळात शासनाला आदिवासी भागातील आरोग्य, धान्यपुरवठा आणि रोजगार यांची एकत्र सांगड घालणे भाग पडले. १९९५ ची नवसंजीवनी योजना त्यातूनच आली. महाराष्ट्राच्या आदिवासी धोरणाचा इतिहास लिहिताना वावर-वांगणी हे नाव टाळता येत नाही. पण गावच्या इतिहासात ते कसे सांगायचे? तेथील आया अजून हयात आहेत. पाहुण्यांसाठी ते ‘स्थळ’ करणे क्रूरपणाचे ठरेल, आणि मुळीच न सांगणे ही दुसऱ्या प्रकारची उपेक्षा.

२५.
या पेचावर जगात काही उत्तरे शोधली गेली आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या ॲनाकोस्टिया या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात वस्तीचे संग्रहालय सुरू झाले. वस्तीतील मुलांचे रोजचे दुखणे उंदीर हे होते. संग्रहालयाने १९६९ मध्ये चक्क उंदरांवर प्रदर्शन भरवले : ते कोठून येतात, रोग कसे पसरवतात, वस्तीत इतके का आहेत. राजे, सेनापती, कलाकृती यांच्याऐवजी वस्तीचा स्वतःचा प्रश्न मध्यभागी आला, आणि तो मांडणारी वस्तीच होती. याच सुमारास, १९७१ मध्ये, फ्रान्समध्ये ‘इकोम्युझियम’ हा शब्द रूढ झाला : इमारतीऐवजी परिसर, संग्रहाऐवजी वारसा, प्रेक्षकांऐवजी रहिवासी.

२६.
उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गुजरातेत तेजगढ येथे गणेश देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या आदिवासी अकादमीत ‘वाचा’ नावाचे संग्रहालय आहे. नावच सांगते की तेथे पाहण्याइतकेच ऐकण्याला महत्त्व आहे. वस्तूची माहिती सांगणारा त्या समाजातला असतो. वावर-वांगणीचा पेच येथे सुटू शकतो : काय सांगायचे, किती सांगायचे आणि कोणासमोर सांगायचे, हे ज्यांचे दुःख त्यांनी ठरवावे.

२७.
स्थानिक इतिहास हा हौसेचा विषय आहे, असे मानणाऱ्यांसाठी एक कायदेशीर गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जंगलजमिनीवरील हक्काचा दावा करताना पुरावे द्यावे लागतात. २००८ च्या नियमांनी मान्य केलेल्या पुराव्यांत गॅझेटियर, जनगणना, नकाशे हे सरकारी कागद आहेत. त्यांच्याच बरोबरीने जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही आहे. ज्या आजोबांना वाघदेवाचा दगड कोणी बसवला आणि जुना पाडा कोठे होता हे ठाऊक आहे, त्यांची आठवण हा हक्काचा दस्त आहे. ते गेले आणि कोणी लिहून ठेवले नाही, तर दाव्यातला एक पुरावाही गेला.

२८.
राजघराण्याने १३४३ ची तारीख शतकानुशतके प्रत्येक कागदावर घालून जपली, कारण त्या तारखेवर त्यांचा अधिकार उभा होता. वारल्याच्या पाड्याने आपली देवस्थाने आणि वंशावळ गाण्यांत, भगताच्या कथनात, सोंगांत जपली. दोन्ही जतनाच्याच पद्धती आहेत. फरक इतकाच की पहिलीला सहाशे वर्षे कागद मिळाला, दुसरीला कायद्याची मान्यता मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

२९.
मग जव्हार-मोखाड्याची फेरी कशी असावी? राजवाडा वगळण्याचे कारण नाही. तेथे मुकण्यांच्या गढीची आणि वादी घालून हरवल्या गेलेल्या वारली नायकाची गोष्ट एकत्र सांगावी. शिरपामाळावर १६६३ बरोबर १६७२ ही सांगावे. तेथून मोखाड्याकडे वळावे, राबाचा वाफा आणि वैतरणेचे धरण एकाच दिवशी दाखवावे. बोहाड्याला गेलेल्याने गावाच्या परवानगीने, पाहुणा म्हणून बसावे. वाट दाखवणारा गावचाच असावा आणि फेरीचा मोबदला गावातच राहावा. शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना एकच काम द्यावे : घरातील सर्वांत वयस्क माणसाने सांगितलेली पाच जागांची नावे आणि त्यामागची गोष्ट लिहून आणणे.

३०.
बैलाचे कातडे केवढे, हे जव्हारच्या जुन्या नायकाने नीट पाहिले होते. ते कापणार कोण आणि वादी किती बारीक होणार, हे त्याने विचारले नाही. गावाचा इतिहास दुसऱ्या कोणी मांडायला घेतला की गावाने नेमके हेच दोन प्रश्न आधी विचारावेत.

(धागा समाप्त)